पाहुण्यांच्या पायात वाळा

खाडीवरच्या जाळ्यात त्या सकाळी सगळ्यात आधी सापडले ती मी.

शर्टाच्या बाहीचं बटण अडकलं. ते सोडवायला दुसरा हात पुढे केला, तर त्या बाहीचंही अडकलं. वळून बघायला गेले तेव्हा केसांतली क्लिप. जाळं केसाहून बारीक काळ्या धाग्याचं, दोन बांबूंमध्ये ताणलेलं. जवळ जाईपर्यंत दिसत नाही, म्हणून तर पक्षी फसतात. मला मात्र ते दिसलेलं. मी फक्त हात लावून बघत होते.

“कोण आहे?” चिखलातून गमबूट उपसत एक ठेंगण्या, रुंद बाई येत होत्या. अंगात नवऱ्याचा झब्बा, डोक्याला हॉटेलात अंघोळीसाठी देतात तसली प्लास्टिकची टोपी.

मी नाव सांगितलं.

“ऐकू नाही आलं.”

मी पुन्हा सांगितलं.

“राहू दे. फडफड करू नकोस, जेवढी ओढशील तेवढी गुंतशील. आधी पाय, मग पंख, डोकं शेवटी,” असं म्हणत त्यांनी खरोखर त्याच क्रमाने मला सोडवलं. आधी बुटाची लेस, मग दोन्ही बाह्या, शेवटी क्लिप. मग खिशातून छोटी कात्री काढली आणि मी काही म्हणायच्या आत माझ्या शर्टाची बटणं कापायला सुरुवात केली. बाह्यांची कापली, खिशाचं कापलं, समोरची कापली. आत टी-शर्ट होता, नाहीतर मी तिथे परत कधी गेले नसते.

“बटण हा या कामातला शत्रू,” त्या म्हणाल्या आणि सगळी बटणं श्रीखंडाच्या डब्यात टाकली. डबा निम्मा भरलेला होता. मग त्यांनी मला पायजम्याची एक नाडी दिली, कमरेला बांधायला, शर्ट उघडा राहू नये म्हणून. त्याच अवतारात मी दुपारी घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत शिरले आणि लिफ्टमध्ये तीन ओळखीच्या बायका भेटल्या.

कात्रीवाल्या त्या बाईंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. डोंबिवलीतल्या एका शाळेत त्यांनी बरीच वर्षं सायन्स शिकवलेलं. ‘मॅडम’ म्हटलं की त्या मागे वळून बघत, मॅडम कोण आली ते. आता त्या मुलीकडे राहायला गेल्या आहेत, बडोद्याला. तिथे खाडी नाही, पण मोठा तलाव आहे असं कळलं. तिथल्या लोकांच्या बटणांची मला काळजी वाटते.

काम असं होतं. पाऊस ओसरायला लागला की उत्तरेकडून, हिमालयाच्या पलीकडून, छोटे छोटे पक्षी आपल्याकडे उतरायला लागतात. शेपटी हलवत चालणारे परीट, झुडपात लपून चकचक करणारे वटवटे, चिखलावर पळणारे मुठीएवढे टिलवे. कळव्याच्या मागे एक बंद पडलेलं मिठागर आहे, तिथे आम्ही जाळी लावायचो. सापडलेल्या पक्ष्याचा पंख मोजायचा, वजन करायचं, पायात नंबर कोरलेली ॲल्युमिनियमची बारीक कडी घालायची आणि सोडून द्यायचं. तोच पक्षी पुढे दुसरीकडे कुणाला सापडला, की तो कुठून कुठे गेला ते कळतं. या कामाला परवानगी लागते. ती मुंबईच्या एका संस्थेकडून बाईंच्या नावावर होती, आणि ठरावीक काळाने तिथले कुणीतरी येऊन काम बघून ती पुढे वाढवून देत.

कडीला बाई ‘वाळा’ म्हणत. बाळाच्या पायात घालतात तो.

मी या कामाला गेले ती शांततेसाठी. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात मी दिवसभर कानाला हेडफोन लावून बसते. हेडफोनमध्ये बहुतेक वेळा काहीच चालू नसतं, पण ते लावलेले असले की लोक बोलायला येत नाहीत. पक्ष्यांच्या कामात बोलावं लागणार नाही, अशी माझी समजूत होती.

बाई पक्ष्यांशी सतत बोलत. आणि त्यांना अहो-जाहो करत. माणसांना मात्र, परवानगी देणारे सोडले तर, वय काहीही असो, अगं आणि अरे.

“या. बसा. पाय दाखवा. तो नाही हो, उजवा. लांबून आलात, कळतंय मला, पण दोन मिनिटांचं काम आहे. अगं, तू काय बघत बसलीस? पट्टी दे!”

सरकारी ऑफिसात असं कुणी आपल्याशी बोललं तर आपण नंबर लावून परत परत जाऊ. पक्षी मात्र बहुधा त्यांच्या हातावर शी करत. “होतं असं प्रवासात,” बाई म्हणत आणि हात झब्ब्याला पुसत.

पक्षी ठेवायला कापडी पिशव्या लागतात, तोंडाशी नाडी असलेल्या. बाईंच्या सगळ्या पिशव्या काकांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, पायजम्यांच्या होत्या. एका पायजम्याच्या दोन लांब पिशव्या होतात आणि नाडी आयती मिळते. काका बँकेतून रिटायर झालेले, बारीक, मऊ आवाजाचे. आमचं लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. फोल्डिंग खुर्चीवर बसून ते आपल्या कपड्यांची आठवण काढत.

“ती निळ्या पट्ट्यांची पिशवी बघतेस? मागच्या दिवाळीचा पायजमा. एकदा घातला मी. एकदा. संध्याकाळी काढून ठेवला, सकाळी त्यात वटवट्या.”

“सुती आहे, हवा खेळते आत,” बाई लांबून ओरडत.

“माझ्यासाठीही खेळायची गं,” काका म्हणत.

वजन करायला पक्ष्याला डोकं खाली करून कागदाच्या कोनात ठेवत. अंधार झाला की तो गप्प राहतो. कोन लग्नपत्रिकांचे केलेले असत, कारण तो कागद जाड. बाई पत्रिकांची पारख करत. सगळ्यात जास्त टिकलेला कोन त्यांच्या भाचीच्या पत्रिकेचा होता. ते लग्न टिकलं नाही.

सगळ्यात गंमत चरबी बघण्याची. पक्ष्याच्या छातीवर हळूच फुंकर मारली की पिसं बाजूला होतात आणि कातडीखाली पिवळसर चरबी आहे की नाही ते दिसतं. चरबी म्हणजे त्याचं पेट्रोल. बाई फुंकर मारत आणि मला विचारत, “किती?” मी सांगितलं की पक्ष्याला म्हणत, “खंगलात अगदी. चार दिवस आळ्या खा, कुठे जाऊ नका.” हीच नजर त्या माणसांवर वापरत. पहिल्याच आठवड्यात माझं मनगट धरून म्हणाल्या, “हे पाहुणे तिबेट ओलांडून येतात. तू या अंगाने निघालीस तर कल्याणलाही पोचायची नाहीस. घे, हे थालीपीठ खा.”

पाहुण्यांसाठी त्यांनी देवालाही ॲडजस्ट करायला लावलेलं. त्यांच्याकडे पूर्वी पाच दिवसांचा गणपती असायचा. पण ऐन गणपतीत परीट उतरायला लागतात, म्हणून त्यांनी तो दीड दिवसावर आणला. सासरचे अजून बोलत नाहीत.

आणि आवाज. वाळा घातला की मी त्यावरचा नंबर मोठ्याने वाचायचा, काकांनी तो लिहून तितक्याच मोठ्याने परत म्हणायचा. असा नियमच होता. मला ते काही जमायचं नाही. मी वाचायचे, काका “काय?” म्हणायचे, बाई “काय?” म्हणायच्या.

“अगं, वाळा यांच्या पायात घातलाय, हे लाजत नाहीत. तू कशाला लाजतेस?”

दुसरा नियम यापेक्षा कडक होता. वाळा पकडीने दाबून बंद करतात, तेव्हा त्याची दोन टोकं एकमेकांना बरोबर भिडली पाहिजेत. जास्त दाबलं तर एक टोक दुसऱ्यावर चढतं, वाळा आवळतो आणि एवढ्याशा जिवाचा पाय कायमचा जातो. ज्याच्या हातून वाळा चढेल त्याने त्या हंगामात पुन्हा पकडीला हात लावायचा नाही. पीएचडी करणाऱ्या एका मुलाला बाईंनी याच कारणासाठी जाळ्यांवरून थेट स्टेशनचा रस्ता दाखवलेला. बिचाऱ्याने बटणंसुद्धा परत मागितली नाहीत.

मिठागराच्या कडेला एक कोळीण मावशी चिंबोऱ्या धरायला यायच्या. गुडघाभर चिखलात उभ्या राहून त्यांनी पहिले काही दिवस आम्हाला नुसतं बघितलं. मग एकदा जवळ आल्या आणि बाईंच्या मुठीतल्या वटवट्याकडे बघून म्हणाल्या, “काय गो बाय, येवरासा पाखरू. याचा कालवन तरी व्हईल का?”

“खायला नाही गं. पायात वाळा घालून सोडून देतो.”

“सोरून देता? मंग पकरलाव कशाला?”

बाईंनी त्यांना सगळं समजावलं. हिमालय, वारे, जगभरचे लोक, नंबर. चिखलात काठीने नकाशा काढला. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “म्हंजी त्याचा आधार कार्ड कारता.”

काका एवढे हसले की खुर्ची मिटली.

तेव्हापासून मावशींना आमची दया यायला लागली. सकाळभर राबायचं आणि रिकाम्या हाताने घरी जायचं, हे त्यांना बघवेना. जाताना त्या बाईंना दोन-चार जिवंत चिंबोऱ्या द्यायला लागल्या, नांग्या बांधलेल्या. बाईंच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. पण नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून त्या घ्यायच्या, बांधाच्या वळणापलीकडे जाऊन कात्रीने दोरे कापायच्या आणि “निघा आता,” म्हणून सोडून द्यायच्या. मावशी पुढच्या वेळी सांगायच्या, “आवंदा चिंबोऱ्या लय गावतान हो बाय.” काका खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढत बसायचे.

बाईंच्या डोळ्यांचं मला काकांनी सांगितलं. आम्ही दोघं बांबू धूत होतो आणि बाई लांब होत्या.

“तिला मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलाय. डॉक्टर कधीपासून मागे लागलेत.”

“मग?”

“म्हणते, पाहुणे येऊन जाऊ देत. आता ऑगस्टमध्ये परीट येतात, मग वटवटे, मग थंडीतले, एप्रिलमध्ये सगळे परत जायला निघतात. मेमध्ये म्हणते, आंब्यांचे दिवस, आता कुठे हॉस्पिटल. जूनमध्ये पावसात जखम चिघळते. झालं, आला ऑगस्ट.”

तेव्हा मला कळलं की पंखाची पट्टी मी का वाचायची, चरबी किती ते मी का सांगायचं, आणि नंबर इतक्या मोठ्याने का. बाई सगळं बोटांनी करत होत्या. पक्षी हातात आला की अंगठ्याने चोच, पंख, पाय चाचपायच्या आणि नाव सांगायच्या, आणि ते बरोबर असायचं. वाळा घालून झाला की अंगठ्याच्या पेराने त्यावरून एकदा हात फिरवायच्या. टोकं भिडलीत की नाही ते त्यांना त्या पेराला कळायचं.

“संस्थेचे साहेब येणारेत बघायला,” काका म्हणाले. “त्यांना कळलं तर परवानगी जाईल. ती गेली तर ही रोज घरी. माझा विचार कर.” ते हसत होते, पण बांबूचा तोच भाग परत परत धूत होते.

साहेब यायच्या आदल्या दिवशी एका चिंबोरीने, दोरा कापल्याबरोबर, बाईंचा उजवा अंगठा धरला. बाईंनी तिलाही अहो-जाहोच केलं, पण आवाज लांबपर्यंत गेला. सकाळी अंगठ्याला ही जाडी पट्टी होती.

साहेब तरुण होते, सभ्य होते, आणि त्यांच्या शर्टाला चार खिसे होते, चारही खिशांना बटणं. खांद्यांवरही बटणं. बाईंना धूसर का होईना ती चमकताना दिसली असावीत, कारण त्यांचा हात खिशाकडे गेला. कात्री काकांनी आधीच आपल्या खिशात घातलेली. साहेब जाळ्यापर्यंत गेले आणि पुढचा काही वेळ मी त्यांना सोडवत होते. आधी पाय, मग पंख.

मग काम सुरू झालं. दोन परीट झाले, एक टिलवा झाला. बाई खुशीत होत्या, साहेबांना पाहुण्यांची ओळख करून देत होत्या. टोकं मी नंबर वाचताना बघून घेत होते, नीट होती. चौथा आला तो वटवट्या. वटवट्याचा पाय काडीसारखा, वाळाही सगळ्यात लहान. बाईंनी तो पायात घातला, पकड दाबली, पट्टी बांधलेला अंगठा त्यावरून फिरवला आणि पक्षी माझ्यासमोर धरला.

“नंबर!”

मी वाकले. नंबर सरळ दिसत नव्हता. एक आकडा दुसऱ्या टोकाखाली गेलेला. वाळा चढला होता.

साहेब माझ्या बाजूलाच उभे होते, फोनमध्ये काहीतरी टिपून घेत. काकांची पेन्सिल कागदावर टेकलेली. मी काकांकडे बघितलं. त्यांना काय ते माझ्या तोंडावरून कळलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले.

“अगं नंबर! यांना उशीर होतोय.”

मी हळूच सांगून बघितलं. नेहमीचा माझा आवाज.

“काय?” बाई म्हणाल्या.

“काय?” काकाही म्हणाले, डोळे मिटलेलेच.

बाईंची मूठ सैल व्हायला लागली होती. नंबर मिळो न मिळो, पक्ष्याला फार वेळ धरायचं नाही, हाही त्यांचाच नियम. आणखी एक क्षण, आणि तो उडून गेला असता, आवळलेला वाळा घेऊन.

“बाई, सोडू नका!” मी म्हटलं. “वाळा चढलाय!”

तो आवाज माझा आहे हे मलाही जरा उशिराने कळलं. लांब चिखलात वाकलेल्या मावशी सरळ उभ्या राहिल्या. “काय जाला गो?” त्यांनी तिकडून हाक मारली. साहेबांचा फोन खाली पडला, सुदैवाने पायजम्याच्या रिकाम्या पिशवीवर.

बाईंची मूठ पुन्हा बंद झाली, अगदी अलगद. त्यांनी डाव्या अंगठ्याचं पेर वाळ्यावरून फिरवलं, एकदा, परत एकदा.

“चढलाय,” त्या म्हणाल्या. “साहेब, ऐकलंत ना? माझ्या हातून चढलाय. मला दिसत नाही हल्ली. अहो, तुम्ही कशाला लिहायचं थांबलात? लिहा.” हे काकांना. काकांना अहो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग मला म्हणाल्या, “पेटीत दोरा आहे. मला काही दिसायचं नाही. तूच कर.”

चढलेला वाळा उघडायची एक रीत आहे. पक्क्या दोऱ्याचे दोन फास वाळ्याच्या आतून घ्यायचे, आणि दोन बाजूंना सारख्या जोराने, अगदी हळू ओढायचं. एका बाजूला जास्त ओढलं तर पाय मोडतो. मी ते फक्त ऐकलेलं.

“बोलत राहा,” बाई म्हणाल्या. “काय करतेयस ते मला सांग, मोठ्याने. मी यांना धरलंय.”

मग मी बोलत राहिले. पहिला फास घेतला. दुसरा घेतला. ओढतेय. अजून नाही. अजून नाही. वटवट्याचं काळीज बाईंच्या बोटांमध्ये इतकं जोरात उडत होतं की त्यांचं बोटही हलताना दिसत होतं. “थोडंच राहिलंय हं,” बाई त्याला सांगत होत्या, “मुलगी हुशार आहे आमची.” हलतोय, मी म्हटलं. फट दिसतेय. निघाला.

पाय धड होता. मी बोट लावलं तर त्याने ते घट्ट धरलं.

“नवा नको घालायला. पुष्कळ झाला पाहुणचार,” बाई म्हणाल्या आणि मूठ उघडली. वटवट्या जवळच्या तिवराच्या झुडपात घुसला आणि आतून त्याने आम्हाला बराच वेळ शिव्या दिल्या.

साहेब म्हणाले, “बाई, अशी चूक कुणाच्याही हातून…”

“कुणाच्याही हातून झाली की तो या हंगामात पकड धरत नाही. नियम माझाच आहे.” त्यांनी पकड माझ्या हातात दिली. “डोळे करून येते. मग या आणि मला परत तपासा. तोवर वाळे ही घालेल.”

“यांना जमेल?” साहेबांनी विचारलं. माझ्याकडे बघून नाही, बाईंकडे बघून.

“आत्ता काय बघितलंत?”

साहेबांनी विचार केला. “तुमच्या परवानगीवर, तुमच्या देखरेखीखाली चालेल,” म्हणाले.

देखरेख या शब्दावर काका खोकले. पण मला दिसलं, त्यांची पेन्सिल मघापासून कागदावर नव्हतीच. ते रुमाल शोधत होते.

डोळे एकामागून एक झाले. डॉक्टरांनी धूळ, चिखल, ऊन, सगळ्याला बंदी केलेली. बंदी संपायच्या आधीच एका सकाळी रिक्षातून काळा चष्मा लावलेल्या बाई उतरल्या. मागोमाग काका, “मी सांगितलं नाही असं नाही,” असं म्हणत.

मी नुकताच एका पिवळ्या परटाला वाळा घातला होता. बाईंनी हात पुढे केला. मी पक्षी त्यांच्या मुठीत दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पाय डोळ्यांजवळ धरून बघितला. अंगठा लावला नाही, नुसता बघितला. बराच वेळ.

“बरोबर भिडलीत टोकं. बारीक रेघ दिसतेय,” म्हणाल्या. मग वर मान करून माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिल्या. कुणी असं बघितलं की मी दुसरीकडे बघायला लागते. तेवढ्यात काका म्हणाले, “आता माझे पायजमेही नीट बघ म्हणावं,” आणि मला हसू आलं. माझं हसणं असंच आहे, त्याला आवाज नसतो.

“अगं!” बाई म्हणाल्या. “तू हसतेस?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून, बाई.”

“एवढं सगळं मी बोलत होते, तेव्हाही?”

“तेव्हाच जास्त.”

“मग आवाज करायचा ना! मला वाटायचं, सगळं वायाच जातंय.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ऑपरेशनने येतं, असं काका म्हणाले. मग हातात परीट आहे हे बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी घाईघाईने मूठ उघडली. तो बसूनच राहिला, शेपटी हलवत.

“तुम्ही निघा हो,” बाई त्याला म्हणाल्या. “आमचं जरा घरचं बोलणं चाललंय.”